नकाशा चुकला की हात?

मोखाड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. घर भाड्याचे, एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दोघांना एकावर एक झोपता येईल असा दुमजली पलंग घरीच करावा असे तिच्या पतीच्या मनात आले. ते पेशाने शिक्षक, पण हाताला सुतारकामाची हौस. शाळेतली मोडकी बाके तेच दुरुस्त करतात, घरातली चपलांची मांडणीही त्यांनीच केलेली. एका मित्राकडून त्यांना पलंगाचा नकाशा मिळाला, मूळचा अमेरिकेतला. ईदनंतर हातात राहिलेली शिल्लक घालून त्यांनी वखारीतून साग आणला, उन्हाळ्याच्या सुट्टीत कापला, जोडला. आता गादी चौकटीत ठेवली की बाजूला हात जाईल एवढी फट राहते. वरचा कठडा गादीच्या जेमतेम वर येतो. आणि पाऊस लागल्यापासून पलंगाखालचा खण उघडेनासा झाला आहे. पती या विषयावर बोलेनासे झाले आहेत. "वखारवाल्यानं फसवलं म्हणावं, तर लाकूड चांगलं आहे. यांचा हात वाईट म्हणावा, तर मांडणी पाच वर्षं हललेली नाही. मग नकाशा चुकला की हात चुकला?" असे तिने विचारले आहे. आणि खाली एक ओळ : "मुलं मात्र रोज वर चढायचा हट्ट करतात."

ही शेवटची ओळ नसती तर आम्ही उत्तर निवांत लिहिले असते. म्हणून ते आधी सांगतो. वरच्या मजल्याची शिडी आजच काढा आणि माळ्यावर टाका. पलंग दुरुस्त होईपर्यंत वर कुणी झोपायचे नाही, खेळायचे नाही. आणि दुरुस्त झाल्यावरही चार वर्षांच्या मुलाची जागा खालीच. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला वरच्या मजल्यावर झोपवू नये, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे.

आता प्रश्नाकडे. भगिनीने नकाशाची प्रत सोबत पाठवली आहे. ती आम्ही बारकाईने पाहिली आणि जव्हारच्या एका वयस्क सुतारालाही दाखवली. आमचे मत स्पष्ट आहे. हात चुकलेला नाही. नकाशा काही ठिकाणी साफ चुकला आहे, आणि काही ठिकाणी तो बरोबर असूनही मोखाड्यासाठी नव्हता.

साफ चूक आधी. आतली चौकट ३९ इंच रुंद हवी असे चित्रात लिहिले आहे. दोन्ही बाजूंची लाकडे दीड-दीड इंच जाडीची. म्हणजे बाहेरून बाहेर ४२ इंच झाले. पण कापायच्या तुकड्यांच्या यादीत आडव्या लाकडाची लांबी साडेचाळीस इंच दिली आहे. एका बाजूची जाडी धरली, दुसरीची विसरली. मास्तरांनी हे ऐन जोडणीच्या वेळी ओळखले आणि लांबी वाढवून घेतली असणार, कारण त्यांची चौकट गुण्यात आहे असे पत्रावरून दिसते. म्हणजे नकाशातली एक चूक त्यांनी सुधारलीसुद्धा. चित्र काढणारा एक आणि यादी करणारा दुसरा असला, किंवा एकानेच चित्र मागाहून बदलले आणि यादी तशीच ठेवली, की असे होते. यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. करवतीला हात लावण्याआधी यादीतल्या मापांची बेरीज करून ती चित्रातल्या एकूण मापाशी जुळते का ते पाहायचे. चौथीतल्या मुलालाही जमेल असा हिशेब आहे, आणि तो मुलाकडूनच करून घ्यावा. आपल्या डोळ्यांना जे दिसायला हवे तेच दिसते, मुलाला आकडे दिसतात.

दुसरी चूक कठड्याची, आणि ही आम्हाला जास्त गंभीर वाटते. नकाशात कठडा पट्ट्यांपासून आठ इंच उंच दाखवला आहे. गादीची जाडी कुठेच लिहिलेली नाही. गादीच्या जागी नुसती एक रेघ आहे. आपल्याकडे पिंजारी भाऊंनी नव्याने भरून दिलेली कापसाची गादी पाच-सहा इंच सहज फुगलेली असते. मग कठडा उरला दोन-तीन इंच. झोपेत कुशीवर वळणाऱ्या मुलाला तो अडवणार कसा? अमेरिकेत दुमजली पलंगांसाठी २००० सालापासून सक्तीचा नियम आहे : कठड्याची वरची कड गादीच्या वरच्या पृष्ठापासून निदान पाच इंच उंच हवी, आणि कठड्यात किंवा चौकटीत साडेतीन इंचांपेक्षा मोठी फट नको. पट्ट्यांपासून नव्हे, गादीपासून मोजायचे. नकाशा अमेरिकेतला असून अमेरिकेतलाच नियम त्यात पाळलेला नाही. लांबून आलेला कागद म्हणजे पक्का कागद, असा एक समज आपल्याकडे आहे, त्यासाठी हे मुद्दाम लिहितो.

साडेतीन इंचांचे कारणही समजून घ्या. मूल फटीत आधी डोके घालत नाही. ते झोपेत पायांकडून घसरते. पाय जातात, कंबर जाते, छातीही जाते आणि डोके अडकते. फट डोक्यापेक्षा लहान आणि अंगापेक्षा मोठी असली की ती जीवघेणी. म्हणून लाकडाचा साडेतीन इंची, म्हणजे तीन इंच चार सूत रुंदीचा ठोकळा करून ठेवावा आणि तो प्रत्येक फटीत घालून पाहावा. आरपार जाता कामा नये. तान्ह्या बाळाच्या कठडेवाल्या खाटेसाठी मर्यादा आणखी कडक आहे. दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरांच्या वर नको. तिथे १९७० च्या दशकातच हा नियम आला, आणि एक बाजू खाली सरकणाऱ्या बाळखाटांवर २०११ मध्ये बंदी आली. पण त्याआधी छापलेले नकाशे काही जगातून नाहीसे झाले नाहीत. त्यांच्या प्रती निघत राहतात. नकाशावर साल शोधा. साल नसेल तर बाळाच्या वस्तूसाठी तो वापरू नका, इतके साधे ठेवा.

आता गादीच्या बाजूच्या फटीबद्दल. यात नकाशाची चूक नाही. अमेरिकेत एका माणसाची गादी ३८ इंच रुंद आणि ७५ इंच लांब असते. चौकट त्या मापाने ३९ बाय ७६. आपल्याकडे बाजारात मिळणारी एकेरी गादी बहुतेक ३६ बाय ७२. म्हणजे रुंदीत तीन इंच आणि लांबीत चार इंच रिकामे. मास्तरांनी नकाशा तंतोतंत पाळला आणि म्हणूनच फट राहिली! अशा फटीत चादर किंवा उशी कोंबून वेळ मारून नेऊ नये. रात्री ती निघते, आणि भिंत व गादी यांच्यामध्ये मुलाचे तोंड दबण्याचा धोका तसाच राहतो.

याच जातीचा आणखी एक घोटाळा लाकडाच्या मापाचा. अमेरिकन नकाशात 'दोन बाय चार' लिहिलेले लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असते. कापून, सुकवून, रंधून जे उरते ते माप, पण नाव जुनेच चालत आले आहे. तिथल्या माणसाला हे ठाऊक असते, म्हणून नकाशात कुणी सांगत नाही. आपल्या वखारीत 'चार-दोन' मागितले तर चार-दोनच्या जवळपास मिळते, घरी रंधा मारल्यावर प्रत्येक बाजूने सूत-दीड सूत जाते. मग सांध्याची खाच कोणत्या मापाने पाडायची? नकाशाच्या मापाने पाडली तर लाकूड आत जाणार नाही. उत्तर एकच. लाकूड आधी आणा, रंधा, मग त्यावर पट्टी ठेवून जे माप येईल ते नकाशावर लिहा आणि छापलेले खोडा. प्लायवूडचेही तसेच. पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरची म्हणून घेतलेली शीट कधी १८ भरते, कधी त्याहूनही कमी. १९ ची खाच पाडून ठेवली की फळी खडखडते.

जव्हारच्या सुतारांनी मात्र नकाशा हातात घेतल्यावर माप पाहिलेच नाही. कागद उलटा-सुलटा केला आणि विचारले, "साहेब, यात पंखा कुठंय?"

आम्ही पत्र पुन्हा उघडले. पंखा आहे, खोलीच्या मधोमध. नकाशाप्रमाणे वरच्या गादीचा माथा जमिनीपासून सव्वापाच फुटांवर येतो. आठ वर्षांची मुलगी साधारण चार फूट उंच. ती गादीवर उभी राहिली की डोके सव्वानऊ फुटांवर. आपल्या घरांत पंख्याची पाती आठ-साडेआठ फुटांवर फिरतात. बसून हात वर केला तरी हात पात्यांपर्यंत पोचू शकतो. पलंग पंख्याखाली नसून बाजूला असला तरी मुले वरून पुढे वाकतात, टॉवेल फिरवतात. हा नकाशा करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जी खोली होती तिच्यात पंखा नव्हता, एवढेच. त्याला दोष देता येत नाही. पण आपल्या घरात दुमजली पलंगाचा विचार करताना पहिले माप जमिनीपासून पात्यांपर्यंतचे घ्यायचे, लाकडाचे नंतर. पत्र्याचे किंवा कौलाचे उतरते छप्पर असेल तर वासा कुठे येतो तेही पाहावे लागते. उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन-तीन फुटांवर झोपणे म्हणजे काय हे मोखाड्याच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्या सुतारांशी बोलणे पुढे बराच वेळ चालले. त्यांचे म्हणणे असे की पूर्वी लोक मोडकी खुर्ची घेऊन येत आणि 'अशीच करून द्या' म्हणत. आता कागद घेऊन येतात. खुर्चीवर कुणीतरी वीस वर्षे बसलेले असते, कागदावर कुणीच बसलेले नसते. आम्हाला हे फार पटले. घरात आधीपासून असलेली, टिकलेली, सवयीची वस्तू हाच सर्वांत खात्रीचा नकाशा. दादीच्या खाटेची उंची, तिचे गाते, तिचे खूर यांची मापे वहीत उतरवून घ्या. ती खाट याच हवेत टिकलेली आहे.

हवेचा मुद्दा खणाला येऊन भिडतो. जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या काळात लाकूड हवेतला ओलावा पिते आणि फुगते. पिते सगळीकडून, पण फुगते रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच. साग हे त्यातल्या त्यात शहाणे लाकूड, कमी हलणारे. तरी उन्हाळ्यात रंधलेली दोन फूट रुंद सागाची फळी भर पावसाळ्यात पाव इंचाच्या आसपास वाढू शकते. खणाची आठ इंच उंच बाजू पाऊण सूत वाढते. नकाशात खणाच्या वर अर्धे सूत जागा सोडली होती. बारा महिने हवा आटोक्यात असलेल्या घरात ती पुरते. इथे निदान दीड-दोन सूत हवी. याच कारणाने रुंद फळी चारी बाजूंनी स्क्रूने आवळून, वर गोंद लावून बसवायची नसते. तिला फुगायला आणि आकसायला वाट ठेवली नाही तर ती स्वतःची वाट काढते, म्हणजे चिरते किंवा पिळते. जुने सुतार दाराच्या चौकटीतली फळी खाचेत नुसती बसवतात, चिकटवत नाहीत. अनेक हौशी नकाशांत नेमके उलट सांगितलेले असते, भरपूर गोंद आणि भरपूर स्क्रू. चीर पहिल्याच वर्षी दिसते आणि लोक म्हणतात लाकूड खराब निघाले.

लाकूड आणले कुठून यालाही महत्त्व आहे. ओले लाकूड हवेत सुकायला इंचभर जाडीला सुमारे एक वर्ष धरतात. शेतातला साग तोडला आणि महिन्याभरात पलंग केला तर तो पलंग पुढे वर्षभर आकार बदलत राहणार. आणि शेत स्वतःचे असले तरी साग मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे, परवानगी लागते, आणि लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ चा वेगळा कायदा आहे. जव्हार, मोखाडा हा अनुसूचित क्षेत्राचा भाग, तेव्हा 'ओळखीने स्वस्तात मिळतंय' म्हणून कुणाचे झाड उतरवून घेऊ नका. तो व्यवहार देणाऱ्यालाही अडचणीत आणतो, आणि गरजू माणसाचे झाड निम्म्या किमतीत नेणे हे मापात मारण्यासारखेच आहे. सूरह मुतफ्फिफीन ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यात आपण बसायला नको. वखारीतून पावती घेऊन आणलेले मुरलेले लाकूड महाग वाटते, पण ते एकदाच महाग पडते.

स्वस्ताच्या मोहाने हल्ली आणखी एक प्रकार दिसतो. बोईसर-तारापूर, वाडा भागातल्या कारखान्यांतून मालाखालचे लाकडी पॅलेट भंगारात निघतात. त्यांच्या पट्ट्यांपासून पलंग, सोफा, झोपाळा करण्याचे नकाशे खूप फिरतात आणि बहुतेकांत एक गोष्ट सांगायची राहून जाते. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर डागलेला शिक्का असतो. त्यात इंग्रजी 'एचटी' असेल तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका, चुलीतही घालू नका. शिक्का नाही, वर तेलाचे किंवा रसायनाचे डाग आहेत, तर तेही नको.

पुस्तकांच्या फळ्यांबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न दर वर्षी येतो. एक फूट फळीवर दाटीने लावलेली पुस्तके सुमारे दहा किलो भरतात, तफसीरचे जाड खंड असले तर जास्तच. नकाशात दोन फुटांची फळी असते आणि आपण भिंत मोठी आहे म्हणून ती तीन फुटांची करतो. माप दीडपट झाले, पण फळीचा बाक पाचपट होतो. उलट १९ मिलिमीटरऐवजी १२ चे प्लाय वापरून पैसे वाचवले तर बाक चौपट. ताणल्याने थोडेसे वाकेल असे आपण धरून चालतो, तसे ते होत नाही. फळी लांबवायची असेल तर मध्ये उभा आधार द्या.

उंच कपाट किंवा खणांचे टेबल केले असेल तर ते भिंतीला बांधा. २०१६ मध्ये आयकिया या मोठ्या कंपनीला एकट्या अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख खणांची कपाटे परत मागवावी लागली, कारण मुले उघड्या खणांवर पाय देऊन चढली, कपाट अंगावर आले आणि काही मुले दगावली. कारखान्यात तपासून निघालेल्या वस्तूंची ही गोष्ट, घरी केलेल्या वस्तूची खात्री त्याहून जास्त कुठून येणार? नकाशात 'भिंतीला स्क्रू मारा' इतकेच असते. पण भिंत कसली? विटांची असेल तर ठीक. कारवीच्या कुडाची, वरून लिंपलेली भिंत असेल तर स्क्रू हातात निघून येईल. तिथे कपाट घराच्या खांबाला किंवा मेढीला पट्टीने बांधावे लागते. सारवलेल्या जमिनीवर पायांखाली दगडाची चीप किंवा पत्र्याची टोपी द्या, नाहीतर ओल चढते आणि मागोमाग वाळवी. आणि अशा जमिनीवर लहान स्टूल करायचे असेल तर तीन पायांचे करा, ते कुठेही डगमगत नाही.

नकाशा तपासण्याची आमची सर्वांत आवडती पद्धत खडूची आहे. पलंग किंवा कपाट जमिनीवर खडूने पूर्ण मापात आखा. दार उघडून बघा, ते पलंगाला अडते का. जानमाज अंथरून बघा, किब्ल्याकडे तोंड करून सजद्याला जागा उरते का. खोली लहान असली की हे दोन्ही विसरले जाते आणि मग रोज पाच वेळा स्टूल सरकवावे लागते. कोपरे गुण्यात आहेत का हे पाहायला महागडी हत्यारे लागत नाहीत. एका कडेवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चारवर, दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट यायला हवे. प्लायची शीट कापताना करवतीचा भुसाही मोजा. ४८ इंच रुंदीतून बारा इंचांच्या चार पट्ट्या निघतात असे यादी सांगते. प्रत्यक्षात तीन कापांत तीन-तीन मिलिमीटर जातात आणि चौथी पट्टी तीन सूत कमी भरते. शेवटी पॉलिश. जवसाच्या तेलाने पुसलेला बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना तो आपोआप तापतो आणि पेटूही शकतो. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवा. ही सूचना आम्हाला फार थोड्या नकाशांत आढळली आहे.

ज्यांना मुलांना हे काम शिकवायचे आहे त्यांनी पलंगापासून सुरुवात करू नये. रेहल करायला द्या. एकाच फळीतून, खिळा नाही, बिजागरी नाही, दात एकमेकांत अडकून कात्रीसारखी उघडणारी. सोपी नाही, पण बिघडली तर एक फळी जाते, कुणाचे हाड मोडत नाही. यातही चुकीचे नकाशे आहेत. लाकूड वाचावे म्हणून काहींत फळी आडवी आखलेली असते. लाकडाच्या रेषा रेहलीच्या लांबीच्या दिशेने धावायला हव्यात, नाहीतर दात पहिल्याच उघडझापीत तुटतात. मशिदीतली जुनी रेहल कागदावर ठेवून आखून घेतली तर नकाशा लागतच नाही.

सुतारकाम हे आपल्याकडे कमी प्रतीचे काम मानण्याची एक वाईट खोड शिरली आहे. हजरत जकरिया (अलै.) सुतार होते हे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. आणि मदिनेत मिंबर करायचा होता तेव्हा प्रेषितांनी (स.) एका अन्सारी बाईंकडे निरोप पाठवला, कारण त्यांचा गुलाम सुतारकाम जाणत होता. त्याने गाबाच्या रानातल्या झाऊच्या लाकडाचा तीन पायऱ्यांचा मिंबर करून दिला. काम जाणणाऱ्याला विचारले गेले, आणि लाकूड जवळच्या रानातले होते. मोखाड्यात आणि जव्हारमध्येही जाणणारी माणसे आहेत. मास्तरांनी नकाशा घेऊन तासभर त्यांच्याकडे बसायला हरकत नव्हती, आणि अजूनही नाही. त्या तासाचे पैसे मात्र द्यावेत. सुताराचा सल्ला फुकट समजण्याची सवय आपणच लावून घेतली आहे.

तर भगिनी, आता काय करायचे ते. चौकट मोडू नका, ती चांगली आहे. गादी ३९ बाय ७६ च्या चौकटीत गच्च बसेल अशी मापाची करून घ्या, वरची गादी चार इंचांपेक्षा जाड नको. कापूस दबून गादी आकसते, म्हणून वरच्या मजल्यासाठी काथ्याची किंवा घट्ट फोमची बरी. कठड्यावर आणखी एक आडवी पट्टी वाढवा, दोन पट्ट्यांत साडेतीन इंचांची मर्यादा पाळा, आणि भिंतीच्या बाजूलाही कठडा लावा. पट्ट्या खिळ्यांनी ठोकू नका, आधी बारीक भोक पाडून स्क्रू बाहेरून आत नव्हे तर आतून बाहेर मारा, म्हणजे टोक मुलांकडे येणार नाही. त्यासाठी स्क्रूची लांबी दोन्ही लाकडांच्या जाडीच्या बेरजेपेक्षा दोन सूत कमी घ्या. छताचा पंखा काढून भिंतीवरचा, जाळीचा लावा. हे शक्य नसेल तर वरचा मजला उतरवून दोन खाटा शेजारी-शेजारी ठेवा. जागा जाईल, जाऊ द्या.

राहिला खण. तुमच्या पतींचा हात रंध्याकडे जात असेल, पण त्यांना थांबवा. आत्ता फुगलेल्या लाकडावरून रंधा फिरवला तर खण लगेच उघडेल आणि एप्रिलमध्ये एवढा सैल होईल की खडखडेल. तो ओढून काढता आला तर काढून कोरड्या जागी उभा ठेवा, नाही निघाला तर तसाच राहू द्या. दिवाळी उलटून गेल्यावर, हवा कोरडी पडली की तो आपला आपण सुटेल. तेव्हा किती फुगला होता त्याची खूण पेन्सिलीने आत्ताच करून ठेवा, आणि रंधायचे ते त्या खुणेपर्यंतच.